दोन सारख्या ओळी

सोमवार, २ फेब्रुवारी

ह्यांची वाचा सुधारायला ज्या बाई येतात, त्यांनी फर्मान काढलंय: दिवसभरात कोणता नवीन शब्द निघाला ते रोज लिहून ठेवायचं. ठेवते बाई. आजचे शब्द: हो, नको, तेच. कालचे शब्द: हो, नको, तेच. चहा हवा तर "तेच", पंखा बंद करा तर "तेच", आणि मी वैतागले की शांतपणे मान हलवून "तेच तेच". एवढंच लिहायचं तर मला आठवड्यात कंटाळा येईल. म्हणून ठरवलंय, बाईंना दाखवायचं ते मागच्या पानांवर आणि माझ्या मनातलं पुढच्या पानांवर. पुढचं कुणी वाचायचं नाही.

नोव्हेंबरात दाढी करता करता ह्यांच्या हातातून ब्रश गळाला. मेंदूत गुठळी. पाय सावरला, आता घरभर चालतात. उजवा हात लुळाच आहे आणि शब्द गेले ते गेले. डॉक्टर म्हणतात, गेले नाहीत, आत आहेत. समोर दिसले तर ओळखतील, फक्त आपणहून काढता येत नाहीत.

नोकरी रक्तपेढीत. कोणती पिशवी कोणत्या गटाची, तपासणीत पास झाली का, कोणाला गेली, हे ज्या यंत्रांत असतं ती सांभाळायची. साहेबांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जागा राखलीय. सहा तारखेला ह्यांनी एकट्याने यंत्रासमोर बसायचं आणि पाळी बदलताना दिवसभराच्या नोंदींची जी प्रत काढतात ती काढून दाखवायची. काढली तर हलकं काम देऊन ठेवून घेतील. नाही तर प्रकृतीच्या कारणाने घरी. घरी बसून हे काय करणार? माझ्या शिलाई मशीनकडे बघत बसणार. मला ते बघवायचं नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बाईंनी आज चित्रं आणली होती. एकात कुत्रा माणसाच्या मागे धावतोय, दुसऱ्यात माणूस कुत्र्याच्या मागे. बाई म्हणाल्या, "कुत्रा माणसाच्या मागे लागला, दाखवा बरं." ह्यांनी एक दाखवलं, मग दुसरं दाखवलं, मग दोन्हींवर हात ठेवला. बाई माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "कोण कोणाच्या मागे, हा क्रम निसटतोय. शब्द ओळखतात, पण कोण आधी आणि कोण नंतर यात गोंधळ होतो. वेळ लागेल."

मी म्हटलं, "अहो बाई, कुत्र्याचं काय घेऊन बसलात! त्यांना कॉम्प्युटरचं काम करायचंय." बाई हसल्या नाहीत.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज टकटक आली होती. ह्यांच्या हाताखालची मुलगी. कीबोर्ड असा बडवते की ह्यांनीच तिचं हे नाव ठेवलं, आणि आता ऑफिसात सगळे तेच म्हणतात, तिच्यासकट. ह्यांना ती सर म्हणते आणि मला काकू.

येताना साहेबांना विचारून ती ह्यांचा इतिहास घेऊन आली. इतिहास म्हणजे ती काळी खिडकी असते ना, जिच्यात हे काम करतात, तिच्यात आजवर टाइप केलेल्या हुकमांच्या ओळी. यंत्र त्या आपोआप जपून ठेवतं. रुग्णांचं त्यात काही नसतं, नुसते हुकूम.

"काकू, सरांना ओळ रचता येणार नाही," ती म्हणाली, "पण बघितली की ओळखतील. मग रचायचीच कशाला? पहिली दोन अक्षरं टाकायची आणि मागे मागे जायचं. त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या ओळीच तेवढ्या एकेक करून समोर येतात. हवी ती आली की एंटर."

घोडं अडलं ते असं, की मागे जायचे बाण आणि एंटर दोन्ही कीबोर्डच्या उजव्या अंगाला. ह्यांनी डावा हात आडवा घातला की लुळा उजवा मध्ये येतो आणि भलतीच अक्षरं उमटतात. तेव्हा ही कामं डाव्या अंगाच्या कळांना द्यायची. वरच्या रांगेतली एफ-दोन मागे जाईल, एफ-तीन पुढे येईल आणि एफ-चार हुकूम सोडेल. टकटकची पाळी सुरू व्हायची होती म्हणून ती सगळं सांगून पळाली. यंत्राला हे शिकवायचं काम माझ्या गळ्यात. चाळीस वर्षं कापड कापलंय मी, दोन-चार ओळी टाइप करायला काय जातंय?

सोमवार, ९ फेब्रुवारी

जातंय, बरंच जातंय. टकटकने सांगितलेल्या नावाची फाइल केली, नावाआधी एक टिंब. जपली. बघते तर गायब. पुन्हा केली, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा यंत्र म्हणालं, या नावाची फाइल आधीच आहे. आहे तर दाखव ना मेल्या! टकटकला फोन लावला तर ती हसायलाच लागली. टिंबाने सुरू होणारं नाव लपलेलं असतं म्हणे. लपवायचंच होतं तर करायला कशाला सांगता?

हे शेजारी बसून सगळं बघत होते. एकदम खदखदून हसले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि म्हणाले, "तेच तेच." मी मागच्या पानावर लिहिलं: आज हसले.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस डोकं पिकलं. आधी यंत्राला विचारायचं असतं की बाबा रे, ही कळ दाबली की तुला काय पोहोचतं? कंट्रोल आणि व्ही दाबून मग एफ-दोन दाबली की ते उत्तर देतं. उत्तर आलं ^[OQ. मी तसंच्या तसं फाइलीत उतरवलं. टोपी, कंस, ओ, क्यू. काही होईना. खिडकी बंद करून उघडली, यंत्र बंद करून चालू केलं, दुपारचं जेवण राहिलं. हे पडद्यावर बोट आपटत "नको, नको" करत होते. मी खेकसले, "अहो, ते दाखवतंय तेच लिहिलंय ना मी!"

तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं, खोडायच्या कळेवर नेलं आणि टोपी आणि कंस खोडायला लावले. मग डाव्या हाताने, एकेक कळ शोधत, दोन अक्षरं टाकली. उलटी तिरपी रेघ आणि इ. ती टोपी आणि कंस म्हणजे खरी टोपी आणि कंस नव्हतेच. न दिसणाऱ्या एका कळेची ती खूण होती, आणि लिहिताना ती अशी लिहितात. ओळ झाली ती अशी:

"\eOQ": history-search-backward

खिडकी नव्याने उघडली. ह्यांनी दोन अक्षरं टाकून एफ-दोन दाबली आणि समोर ह्यांचीच जुनी ओळ येऊन उभी राहिली. आणखी एकदा दाबली, आणखी जुनी. ह्यांचा चेहरा असा काही झाला की मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. हे अजून आत आहेत. डॉक्टर म्हणाले होते ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी तिन्ही कळांवर कापडाचे तुकडे चिकटवले. मागे जायला निळा, पुढे यायला पिवळा, हुकूम सोडायला लाल.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सराव जोरात चाललाय, सध्या नुसती ओळ शोधायचा. टकटकच्या सांगण्यावरून घरच्या यंत्रात ऑफिससारखेच दोन कप्पे केलेत. एकाचं नाव आज, दुसऱ्याचं प्रत. आजमधलं उचलून प्रतमध्ये नेऊन ठेवायचं, एवढीच परीक्षा आहे. कप्प्यात ठेवायला काहीतरी हवं, म्हणून माझ्या गिऱ्हाइकांची मापं दोन्हींत टाकली. नुसता सराव कशाला, म्हणून आता नवीन मापही थेट यंत्रात, आजमध्येच टाकते. कागद हरवायची भीती नाही.

आज बँडमास्तर आले होते. पथकाचा कोट नवा शिवायचाय. जुन्या मापावर चालणार नाही, पोट आणि छाती दोन्ही सुटलीत. त्यांनाच हसू येत होतं. नवीन माप घेऊन त्यांच्या नावाच्या फाइलीत जुनं खोडून टाकलं.

मंगळवार, ३ मार्च

आज एकट्याने! मी मुद्दाम खोलीच्या दारात उभी राहिले. ह्यांनी आर आणि एस टाकलं, निळी कळ दाबली, एक ओळ आली, पुन्हा निळी, तशीच आणखी एक आली. जरा थांबले. मग लाल.

मी धावत जाऊन दोन्ही कप्पे उघडून पाहिले. तीच नावं, तेच आकडे, काडीचा फरक नाही. दोन्ही सारखे म्हणजे प्रत झाली! मी टाळ्याच वाजवल्या. टकटकला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, "काय सांगता काकू!" हे मात्र पडद्याकडेच बघत होते. मी म्हटलं, अहो हसा की जरा, पास झालात.

रविवार, ८ मार्च

लेकीचा फोन. परगावी बसून शहाणपण शिकवायला काय जातंय तिचं. "आई, बाबांना बसू दे ना घरी. तुला कशासाठी पाठवायचंय त्यांना?" मी म्हटलं, "मला? त्यांना जायचंय!" ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं तुला तसं?" आता सांगणार कसे ते? तीन शब्दांत कोण काय सांगेल? पण माणूस ज्या कामात वीस-बावीस वर्षं उभा राहिला, त्याला तिथे जावंसं वाटणारच की. फोन ठेवला, तरी तिचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं.

खरं सांगू का? घरात फार शांत वाटतं. पूर्वी हे संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागायचे. टकटकने आज काय तोडलं, साहेबांनी कुणाला झापलं. मी म्हणायचे, आत तरी या. आता मी मशीन चालवते ती कपड्यासाठी कमी आणि आवाजासाठी जास्त.

गुरुवार, १२ मार्च

आज नाक कापलं गेलं. बँडमास्तर कोट घालून बघायला आले आणि छातीवर बटण लागेना. तीन बोटांचं अंतर. बिचारे श्वास रोखून उभे राहिले तरी लागेना. यंत्रात बघून कापला होता मी. चाळीस वर्षांत असं झालं नाही. नक्कीच माप टाकताना माझं लक्ष नव्हतं, सगळं चित्त ह्यांच्या सरावात. त्यांची माफी मागितली, नवीन कापडावर दुसरा शिवून देते म्हटलं. ते भले म्हणून हसले. "वहिनी, दोष तुमचा नाही, माझ्या पोटाचा," म्हणाले.

ते गेल्यावर ह्यांनी कोट उचलला. उलटा करून छातीची शिवण बघितली. मग यंत्रापाशी गेले, बँडमास्तरांची फाइल उघडली आणि बराच वेळ नुसते बघत बसले. पांढरेफटक पडले होते. मी घाबरून रक्तदाब मोजला, ठीक होता. म्हटलं, "अहो, माझी चूक आहे, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" ह्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि "नको, नको, तेच, नको" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मला काही कळेना. शेवटी दूध देऊन निजवलं.

सोमवार, १६ मार्च

सराव बंद. यंत्रासमोर बसवलं की उठून जातात. हात धरून बसवलं तर डोळे मिटून घेतात. लहान मुलासारखा हट्ट. तोंडावर परीक्षा आणि ह्यांचं हे रुसणं. कोट बिघडला माझा आणि रुसलेत हे!

मंगळवार, २४ मार्च

आज आपणहून बसले. आनंदाने मी कातरी टाकून शेजारी जाऊन बसले. पण हे काय चाललंय मला समजत नाही. आर, एस, निळी. ओळ आली. पुन्हा निळी, दुसरी ओळ. पिवळी, पहिली. निळी, दुसरी. पिवळी, पहिली. दोन्ही ओळी मला तर एकच दिसतात. नाकाला नाक लावल्यासारखे पडद्याजवळ जाऊन बोटाने एकेक अक्षर चाचपत होते. निळी, पिवळी, निळी, पिवळी. लालकडे हात जाईना.

माझा संयम संपला. मी म्हटलं, "अहो, आहे ना ओळ समोर! दाबा की!" आणि मीच लाल कळ दाबली. दोन्ही कप्पे उघडून दाखवले. "बघा, सारखे आहेत. झाली प्रत." हे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, जेवायला हाक मारली तरी लवकर आले नाहीत. भीती बसलीय मनात, दुसरं काय. परीक्षेच्या दिवशी साहेबांसमोर नीट होईल सगळं.

सोमवार, ६ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. रक्तपेढीत टकटक दारातच उभी होती. तिने रंगीत तुकडे ऑफिसच्या कीबोर्डवरही चिकटवले होते आणि तिन्ही कळांच्या ओळी तिथल्या यंत्राला शिकवून ठेवल्या होत्या. साहेबांनी मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं, फक्त बोलायचं नाही या अटीवर. काचेपलीकडे शीतकपाटं घरघरत होती, आत लाल पिशव्यांच्या रांगा. साहेब म्हणाले, "घाई नाही. आज सकाळपासूनच्या नोंदींची प्रत काढायचीय. तुमच्या वेळाने काढा."

हे बसले. पाठ ताठ, अगदी पूर्वीसारखी. आर. एस. निळी. ओळ आली. पुन्हा निळी. पिवळी. निळी. पिवळी. मी मनात म्हणत होते, दाबा, अहो, दाबा एकदा. साहेब आणि टकटक मागे उभे होते. ह्यांचा हात लाल तुकड्यावर जाऊन थांबला. खूप वेळ थांबला.

मग ह्यांनी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "मला खात्री नाही."

स्पष्ट. एकामागे एक शब्द, कुठेही न अडखळता. टकटकने तोंडावर हात घेतला. साहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, बाहेर बसू."

संपलं.

मंगळवार, ७ एप्रिल

मी बोलत नाहीये त्यांच्याशी. ताट वाढते, औषध देते, बोलत नाही. पाच महिने एका वाक्यासाठी डोळ्यांत प्राण आणून बसले होते मी. आणि निघालं ते कुठलं? नोकरी घालवणारं! ओळ समोर होती, कळ बोटाखाली होती. नुसतं दाबायचं होतं. दोन महिने मी शिलाई बाजूला ठेवून टोप्या आणि कंस खोडत बसले ते काय यासाठी?

बाईंना मागच्या पानावर लिहून द्यायचंय: पहिलं पूर्ण वाक्य. अजून लिहिलेलं नाही.

शनिवार, ११ एप्रिल

टकटक आली. ह्यांचा डोळा लागला होता. मी तिच्यावरच सगळा राग काढला. म्हटलं, "तुझ्या सरांनी घाबरून हातातलं घालवलं." मग यंत्र उघडून तिने दोन ओळी माझ्यासमोर एकाखाली एक ठेवल्या:

rsync -a aaj/ prat/
rsync -a prat/ aaj/

"काकू, यातली कुठली दाबायची होती?"

मी म्हटलं, "एकच तर आहेत दोन्ही."

"नाहीत. जे आधी लिहिलंय ते उचलून, जे नंतर लिहिलंय त्याच्यावर ठेव, असा हा हुकूम आहे. वरची ओळ आज उचलते आणि प्रतवर ठेवते. ती रोजची. खालची उलटी आहे. जुनी प्रत उचलते आणि आजच्यावर ओतते. मुख्य यंत्र एकदा बिघडलं होतं तेव्हा सरांनी ती वापरली होती, म्हणून ती पण इतिहासात आहे. दोन्हींची सुरुवात सारखी, त्यामुळे शोधलं की दोन्ही समोर येतात. मी ती काढून टाकायला हवी होती. माझ्या लक्षातच आलं नाही हो."

मी विचारलं, सोमवारी खालची दाबली गेली असती तर?

ती म्हणाली, "आजच्या नोंदी जाऊन आदल्या दिवशीच्या आल्या असत्या. सकाळी जी पिशवी तपासणीत नापास झाली, तिच्या नावापुढे आदल्या दिवशीचंच काहीतरी दिसलं असतं. कुणाच्या तरी ते लगेच लक्षात आलं असतं, किंवा नसतं आलं."

"पण चुकीची दाबली तर कळेलच ना? कप्पे उघडून बघता येतात."

"काय बघणार काकू? कोणतीही दाबली तरी शेवटी दोन्ही कप्पे सारखेच दिसतात."

मी उठून बँडमास्तरांची फाइल उघडली. दोन्ही कप्प्यांत छातीचं जुनं माप. मी घेतलेलं नवीन माप कुठेच नव्हतं. तीन मार्चला मी टाळ्या वाजवल्या होत्या. तीन मार्चला खालची ओळ सुटली होती, आणि मी त्यावर कोट कापला. आणि चोवीस तारखेला कुठली ओळ समोर होती देव जाणे, ती तर मीच दाबली.

ह्यांना कोट बघताक्षणी कळलं होतं. दंड धरून "नको, नको" म्हणत होते ते मला सांगत होते. रुसले नव्हते. ज्याला कोण आधी आणि कोण नंतर हे दिसत नाही, असा माणूस त्या दोन ओळींसमोर बसला होता आणि मी त्याला म्हणत होते, दाबा की.

टकटक गेल्यावर ह्यांच्या उशाशी जाऊन बसले. जागे झाले तसं म्हटलं, "कोटाचं तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?" म्हणाले, "हो." मला रडू आवरेना. पाच दिवस मी ह्या माणसाशी अबोला धरला. ह्यांनी डाव्या हाताने माझं डोकं थोपटलं, जसं काही मीच आजारी होते.

रविवार, १९ एप्रिल

साहेब आज घरी आले, टेबलाच्या खणातलं ह्यांचं सामान घेऊन. चष्म्याचं घर, एक पेला, स्वेटर. चहा झाला. ह्यांच्यासमोर बसून साहेब मला म्हणाले, "वहिनी, निवृत्तीचे कागद पुढच्या आठवड्यात येतील. मला एक सांगायचंय. माझ्या हाताखाली पुष्कळ माणसं आली. न कळता दाबणारी खूप बघितली. थांबणारा हा एकच."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. "साहेब, त्या दिवशी शेवटी समोर कुठली ओळ होती?"

साहेब जरा अवघडले. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "बरोबर होती. रोजचीच. मी आणि टकटक, दोघांनीही मागून बघितली होती. दाबली असती तर झालं होतं काम."

बरोबर होती! मी ह्यांच्याकडे वळले. "ऐकलंत? अहो, बरोबर होती हो ती ओळ!"

ह्यांनी ऐकलं. कप खाली ठेवला. ओठ हलत होते, शब्द जुळवत होते, आम्ही दोघं थांबलो. चेहऱ्यावर हळहळ शोधत होते मी, पण ती नव्हती. मग मान हलवून, मला समजावत असल्यासारखे, ते म्हणाले, "मला खात्री नव्हती."